रात्री तीन वाजता शेजारी कोण उभे आहे? : अतिदक्षता वैद्यकाच्या उच्च प्रशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरातून अतिदक्षता विभागातील एका रात्रीचे वर्णन केले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत डॉक्टरांची पत्रे अधिक आहेत आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : एमडी झाल्यानंतर या विषयाचे पुढचे शिक्षण कोठे घ्यावे, कसे घ्यावे आणि त्यात नेमके काय शिकायचे असते. त्यांतील पाच पत्रे येथे थोडक्यात घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी भूलशास्त्रात एमडी असून चार वर्षे एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात काम करते. निम्मा वेळ ऑपरेशन थिएटरमध्ये आणि निम्मा आयसीयूत जातो. आता पूर्णवेळ अतिदक्षतेकडेच वळायचे आहे, परंतु डीएम, डीआरएनबी, आयडीसीसीएम, युरोपियन डिप्लोमा या नावांनी गोंधळ उडाला आहे. वय ३४ आहे, मुलगा चार वर्षांचा आहे. मी काय करावे?
— एक भूलतज्ज्ञ, धायरी

आपण घेतलेल्या चार नावांपैकी दोन पदव्या आहेत, एक संघटनेचा अभ्यासक्रम आहे आणि एक केवळ परीक्षा आहे. हा फरक ध्यानात आला की निम्मा गोंधळ संपेल.

डीएम आणि डीआरएनबी या दोन्ही एमडीनंतरच्या तीन वर्षांच्या अतिविशेष पदव्या होत. एम्ससारख्या काही केंद्रीय संस्था वगळता दोन्हींचा प्रवेश नीट-एसएस या एकाच परीक्षेतून होतो. भूलशास्त्र, सामान्य वैद्यक, श्वसनरोग, आकस्मिक वैद्यक यांसारख्या विषयांत एमडी किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी केलेले डॉक्टर या परीक्षेला बसू शकतात, म्हणजे आपणही पात्र आहात. डीएम वैद्यकीय महाविद्यालयांत असते, तर डीआरएनबी राष्ट्रीय परीक्षा मंडळाने मान्यता दिलेल्या रुग्णालयांत असते. पुण्यात भारती विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे डीएम आहे आणि शहरातील काही मोठ्या रुग्णालयांत डीआरएनबी आहे. कोठे किती जागा आहेत, हे त्या त्या वर्षीच्या समुपदेशनाच्या तक्त्यातच पाहावे, कारण त्या बदलत असतात. शुल्क आणि सेवाबंधपत्राच्या अटीही प्रवेश निश्चित करण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचाव्यात.

आयडीसीसीएम हा इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संघटनेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यापुढे आयएफसीसीएम ही फेलोशिप आहे. ही संघटना १९९३ साली मुंबईत स्थापन झाली. या विषयाची विद्यापीठीय पदवी आपल्याकडे नव्हती, त्या काळात याच अभ्यासक्रमांतून देशातील अतिदक्षतातज्ज्ञ घडले, हे ऋण विसरता येणार नाही. मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्यताप्राप्त पदव्यांत त्यांची गणना होत नाही. त्यामुळे ज्यांना पुढे वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे अध्यापन करायचे आहे, त्यांना हा मार्ग पुरणार नाही. युरोपियन डिप्लोमा म्हणजे ईडीआयसी. १९८९ पासून घेतली जाणारी ही परीक्षा दोन भागांची आहे. पहिला भाग बहुपर्यायी प्रश्नांचा असतो, तर दुसऱ्या भागात रुग्णांच्या प्रकरणांवर विचार कसा करता, हे पाहिले जाते. परीक्षा उत्तम आहे आणि तिची तयारी करताना वाचनाला शिस्त लागते, परंतु तिच्यातून कोणी आपल्याला रुग्णाच्या खाटेशी उभे करून शिकवत नाही. ती घेतलेल्या प्रशिक्षणाची कसोटी आहे. प्रशिक्षण दुसरीकडेच घ्यावे लागते.

आता आपल्याविषयी. ३४ हे वय मुळीच उशिराचे नाही. उलट, चार वर्षे भूल देऊन आलेल्या डॉक्टरला श्वासमार्ग आणि रक्ताभिसरण यांची जी समज असते, ती नुकत्याच एमडी झालेल्याला मिळवावी लागते. तीन वर्षे देणे घरच्या परिस्थितीत शक्य असेल, तर डीएम किंवा डीआरएनबीच करावे. ते शक्य नसेल, तर चांगल्या विभागात एक वर्षाचा अभ्यासक्रम मनापासून करावा. पण विभाग चांगला कसा ओळखायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर माहितीपत्रकात मिळत नाही.

अर्ज करण्यापूर्वी त्या विभागात परवानगी घेऊन दोन दिवस आणि एक रात्र घालवावी. रात्र महत्त्वाची. पहाटे तीन वाजता रुग्णाचा रक्तदाब खालावला आणि निवासी डॉक्टरने फोन केला, तर वरिष्ठ येतात की फोनवरच औषध सांगतात, हे पाहावे. तो विभाग बंद पद्धतीचा आहे की खुला, हे विचारावे. बंद पद्धतीत आयसीयूत आलेला रुग्ण अतिदक्षतातज्ज्ञांच्या जबाबदारीवर असतो. खुल्या पद्धतीत बाहेरून येणारा प्रत्येक तज्ज्ञ आपापली औषधे लिहून जातो आणि शिकणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला त्या सूचनांचा मेळ घालणे तेवढे उरते. खासगी रुग्णालयांत खुली पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि तेथे शिकताना निर्णयाची सवय लागत नाही, हे मी अनेक हुशार मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. विभागात मृत्यूंची चर्चा नियमित होते का, आणि तिच्यात वरिष्ठ स्वतःच्या चुका बोलून दाखवतात का, हेही विचारावे. शेवटी, मागील तुकडीतील एखाद्या डॉक्टरला एकट्याला गाठून चहा पाजावा. अर्ध्या तासात सारे कळते.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो, ते सांगतो. माझ्या उमेदीच्या काळात मी ज्या रुग्णालयात शिकत होतो, तेथे रात्री आठ खाटांच्या आयसीयूत मी एकटाच असे. एका रात्री दम्याच्या रुग्णाला मी व्हेंटिलेटर लावला आणि श्वासांची गती वाढवत गेलो. श्वास सोडायला वेळच न उरल्याने हवा छातीत साठत गेली आणि त्याचा रक्तदाब कोसळला. नळी क्षणभर यंत्रापासून सोडवायला हवी होती. ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, परंतु अनुभवी सिस्टरना होते, आणि त्यांनी ती सोडवली. तो रुग्ण वाचला. पण त्या रात्री मला शिकवायला तेथे कोणी असते, तर त्याच्यावर ती वेळ आली नसती.

प्रश्न : मी वैद्यकशास्त्रात एमडीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अतिदक्षता शिकायची म्हणजे किती सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतल्या नळ्या) घातल्या, किती रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी टाकली, यावर सगळे मोजले जाते असे दिसते. तेवढे तर मी आताच करतो. मग आणखी तीन वर्षांत शिकायचे काय?
— एक निवासी डॉक्टर, पुणे

आपला प्रश्न प्रामाणिक आहे. हातांचे कौशल्य आवश्यक आहेच. परंतु युरोपात या विषयाच्या प्रशिक्षणाची चौकट आखताना अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून १०२ क्षमता ठरवल्या आणि त्यांची १२ गटांत मांडणी केली, तेव्हा हातांच्या कामांना त्यांतील एकच गट मिळाला. उरलेल्यांत रुग्णाची पाहणी, निदान, अवयवांना आधार देणे, वेदना आणि भीती कमी करणे, मृत्यूच्या वाटेवरील रुग्णाची काळजी, रुग्ण हलवणे, सुरक्षितता, संवाद असे विषय आहेत.

एक साधे उदाहरण घ्या. १५० सेंटिमीटर उंचीच्या आणि ७० किलो वजनाच्या स्त्रीच्या फुप्फुसांना गंभीर सूज आहे आणि तिला व्हेंटिलेटर लावायचा आहे. प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची? प्रति किलो ६ मिलिलिटर हे सगळ्यांना पाठ असते. वजन ७० धरले, तर ४२० मिलिलिटर होतात. परंतु फुप्फुसांचा आकार वजनाबरोबर वाढत नाही, तो उंचीवर ठरतो. उंचीवरून काढलेले तिचे अपेक्षित वजन सुमारे ४३ किलो येते आणि हवा २६० मिलिलिटर. ४२० मिलिलिटरने तीच फुप्फुसे ताणली जाऊन आणखी जखमी होतील. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रति किलो १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्याने मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. कोणतेही नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, फक्त बटण कमी फिरवले. तरीही आजसुद्धा पुष्कळ आयसीयूत रुग्णाची उंची मोजण्यासाठी टेप नसतो. चांगल्या विभागात आपण पहिल्या आठवड्यात तो टेप खिशात ठेवायला शिकाल, आणि तीन वर्षांत याच प्रकारच्या शेकडो गोष्टी शिकाल.

दुसरे उदाहरण आपल्या शहरातले आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरच हल्ला करते आणि पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा छातीपर्यंत चढतो. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्यावर लक्ष गेले. अशा रुग्णाच्या खाटेशी उभ्या राहिलेल्या तरुण डॉक्टरची नजर मॉनिटरवरील ऑक्सिजनच्या आकड्यावर असते आणि तो आकडा ९८ असतो. येथेच फसगत होते. श्वासाचे स्नायू दुबळे होत असताना ऑक्सिजन अगदी शेवटी घसरतो. म्हणून शिकलेला डॉक्टर रुग्णाला एका श्वासात एक, दोन, तीन असे मोजायला सांगतो, मान उचलायला सांगतो, खोकायला लावतो, फुंकून दाखवायला लावतो, आणि हे दर काही तासांनी पुन्हा करतो. सकाळी पंचवीसपर्यंत जाणारा रुग्ण संध्याकाळी बारावर थांबला, तर धावपळ होण्याआधी शांतपणे नळी टाकण्याची तयारी करतो. त्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन हे नेहमीचे औषध टाळायचे असते, कारण अशा रुग्णात पोटॅशियम एकाएकी वाढून हृदय थांबू शकते. नळी आपण आजही टाकू शकता. ती केव्हा टाकायची आणि तेव्हा काय टाळायचे, हे शिकण्यासाठी ती वर्षे आहेत.

या विषयाचा जन्मही अशाच पक्षाघातातून झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले दिसे आणि डॉक्टर त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा लावत. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखले की रुग्ण श्वास पुरेसा सोडू शकत नाहीत आणि तो वायू साठून राहतो. २७ ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देववून हाताने हवेची पिशवी दाबून श्वास दिला आणि ती वाचली. त्यानंतर वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने रुग्णांच्या पिशव्या दाबत बसले. पिशवी भूल देताना रोज वापरातली होती. एका आकड्याचा अर्थ बरोबर लावला, हेच त्यांतले नवे होते.

प्रश्न : आमची मुलगी एमडी झाली असून अतिदक्षतेत डीएम करण्याचा तिचा निश्चय आहे. आम्हाला काळजी वाटते. आयुष्यभर रात्रपाळ्या, सतत मृत्यू समोर, स्वतःचा दवाखाना कधीच नाही. तिला परावृत्त करावे का?
— एक वडील, कोथरूड

परावृत्त करू नये, असे मला स्पष्ट वाटते. आपली काळजी मात्र खोटी नाही. या विषयात स्वतःचा दवाखाना नसतो, रुग्णालयाशी बांधून राहावे लागते, आणि बरे झालेला रुग्ण बहुधा आपल्या डॉक्टरला ओळखतही नाही, कारण तो त्या काळात शुद्धीवर नसतो. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले करोना रुग्ण सापडले. त्यानंतरच्या दोन वर्षांत या डॉक्टरांनी जे सोसले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

असे असले तरी पाळीचे काम ही या शाखेची एक जमेची बाजूही आहे. पाळी संपली आणि रुग्ण नीट सोपवला की घरी फोन वाजत नाही. शल्यचिकित्सक किंवा प्रसूतितज्ज्ञ यांना हे सुख क्वचितच मिळते. थकवा येतो तो पाळ्यांपेक्षा अपुऱ्या मनुष्यबळामुळे आणि मनातले बोलायला कोणी नसल्यामुळे. म्हणून तिला अडवण्यापेक्षा विभाग निवडताना तिच्याबरोबर बसून हे विचारावे : सलग किती तासांची ड्युटी असते, रात्रपाळीनंतर सुटी मिळते का, आणि एखादा लहान रुग्ण दगावल्यानंतर वरिष्ठ त्या डॉक्टरशी बोलतात का. आणि ती सकाळी नऊला घरी येईल तेव्हा दारावरची घंटा बंद ठेवावी, पडदे ओढून तिला झोपू द्यावे. हे मी गंभीरपणे लिहीत आहे.

प्रश्न : मी डीआरएनबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उपचारांचा उपयोग उरलेला नाही, हे नातेवाइकांना सांगण्याची वेळ आली की वरिष्ठ मला पुढे करतात. हे कोणी शिकवलेले नाही. कायद्याचीही भीती वाटते.
— एक प्रशिक्षणार्थी डॉक्टर, पुणे

आपल्याला एकट्याला पुढे करणे चुकीचे आहे, हे प्रथम लिहितो. हे कौशल्य नळी टाकण्याइतकेच शिकवावे लागते. आधी वरिष्ठ बोलतात आणि आपण ऐकता, मग आपण बोलता आणि ते शेजारी बसतात. वरिष्ठांना तसे शांतपणे सांगावे.

कायदा आता पूर्वीपेक्षा बराच स्पष्ट आहे. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादित स्वरूपात उपचार काढून घेण्याचा मार्ग मान्य केला. ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या प्रकरणात सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. त्या निकालातील कार्यपद्धती इतकी अवघड होती की ती प्रत्यक्षात वापरणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून अतिदक्षतातज्ज्ञांच्या वर उल्लेखिलेल्या संघटनेनेच न्यायालयात अर्ज केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ झाली. आता रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ असते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. त्यानंतर दुय्यम मंडळ असते आणि त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. अशा उपचारांविषयी रुग्णाने आधीच लिहून ठेवलेले इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित केलेले असले तरी चालते. आपल्या रुग्णालयात ही मंडळे नेमली आहेत का, हे उद्याच विचारावे.

मेंदूमृत्यू ही याहून वेगळी गोष्ट आहे आणि नातेवाइकांपुढे दोन्हींची गल्लत कधीही होऊ देऊ नये. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू घोषित करते. तो मृत्यूच असतो. त्यानंतर अवयवदानाचा विषय निघाल्यास पुण्यातील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी रुग्णालयाने संपर्क साधायचा असतो.

आता बोलण्याविषयी. उभ्याने, दारात, मोबाइल हातात धरून बोलू नये. खोलीत बसावे आणि पहिल्यांदा त्यांनाच विचारावे : “आतापर्यंत तुम्हाला काय सांगितले आहे?” त्यांच्या उत्तरावरून कोठून सुरुवात करायची ते कळते. “आता काही करता येणार नाही” हे वाक्य वापरू नये, कारण ते खरे नसते. वेदना कमी करता येतात, धाप कमी करता येते, मुलाला आईजवळ बसू देता येते. “बाबांना बोलता येत असते, तर त्यांनी काय सांगितले असते?” हा प्रश्न मी नेहमी विचारतो आणि मग गप्प बसतो. आपल्याकडे निर्णय एकटी पत्नी किंवा एकटा मुलगा घेत नाही. गावाहून काका निघालेले असतात, मोठी आत्या वाटेत असते. त्यांची वाट पाहावी. त्या काही तासांनी रुग्णाचे नुकसान होत नाही, आणि घाईने घेतलेल्या निर्णयाचा सल त्या घरात वर्षानुवर्षे राहतो.

प्रश्न : मी बीएएमएस असून एका लहान रुग्णालयाच्या आयसीयूत रात्री आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून काम करतो. मला यातले एखादे प्रशिक्षण घेता येईल का?
— एक आरएमओ, हडपसर

डीएम आणि डीआरएनबी हे मार्ग एमडी किंवा डीएनबी झालेल्या आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठीच आहेत, तेव्हा ते आपल्याला खुले नाहीत. परंतु आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य, “रात्री काही झाले तर मीच असतो”, मला बेचैन करून गेले. आपल्याला जी जबाबदारी दिली आहे, ती आपल्या पात्रतेपलीकडची असेल, तर ते व्यवस्थापनाला लेखी कळवणे हा आपला हक्क आहे आणि रुग्णांच्या हिताचेही आहे.

तोवर रात्रपाळीच्या सुरुवातीला तज्ज्ञ डॉक्टरांबरोबर प्रत्येक खाटेशी जाऊन एक गोष्ट लिहून घ्यावी : काय दिसल्यावर मी तुम्हाला फोन करायचा. वरचा रक्तदाब ९० च्या खाली, श्वासांची गती ३० च्या वर, लघवी दोन तास झालेली नाही, रुग्ण एकाएकी गोंधळलेला दिसतो. त्या रुग्णासाठी जे ठरेल, ते खाटेच्या तक्त्यावर तज्ज्ञांच्या सहीने लिहिलेले असावे. तसे दिसताच फोन करावा, फोन केल्याची वेळ आणि मिळालेली सूचना लिहावी. ते आले नाहीत, तर पुन्हा करावा आणि तेही लिहावे.